धरलंय, सोडू का?

सोलापुरात गाडी घेतली की माणूस तिच्यावर मनापासून खर्च करतो. सीटवर चाटी गल्लीतून आणलेला टॉवेल येतो, डॅशबोर्डवर अक्कलकोटचे स्वामी येतात, मागच्या काचेवर आई तुळजाभवानी प्रसन्न होते. हॉर्न तर कंपनीनं दिलेला ठेवायचाच नसतो. तो पहिल्या आठवड्यात बदलायचा आणि असा बसवायचा, की सात रस्त्याला वाजवला तर पार्क चौकातली म्हैस बाजूला झाली पाहिजे. दसऱ्याला झेंडूचा हार, चारी चाकांखाली चार लिंबं. पण ज्या चाकाखाली लिंबू ठेवलं त्याच चाकाच्या आतल्या अंगाला काय चाललंय, हे बघायला कोणी वाकत नाही. सहा-सात वर्षांच्या गाडीचं बॉनेट उघडून कडेच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीकडे बोट दाखवावं आणि विचारावं, "ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?" उत्तर ठरलेलं : "त्याला काय झालंय बे बदलायला? कमी झालंय का?"

कमी झालेलं नसतं, हे खरंय. गोची तिथंच आहे. पेट्रोल संपतं म्हणून लक्षात राहतं, वायपरचं पाणी संपलं की काच सांगते. ब्रेक ऑईल संपत नाही, ते जागच्या जागी नासतं. कारण त्याला पाणी प्यायची खोड आहे. नाव ऑईल, पण जात ग्लायकॉलची. हवेतला ओलावा दिसला की ते ओढून घेतं. डबीच्या झाकणातून घेतं, रबरी होजांच्या अंगातूनही घेतं. आता सोलापुरात पाणी मिळवायचं म्हणजे चेष्टा नाही. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून निघालेलं पाणी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं. ते कधी येणार यावर लग्नाच्या तारखा नाही तरी पाहुण्यांच्या मुक्कामाच्या तारखा नक्की ठरतात. अशा गावात मोटर नाही, टँकर नाही, वशिला नाही, तरी बंद बॉनेटखाली बसल्या बसल्या पाणी मिळवणारी वस्तू ही एकच.

आणि त्या पाण्याचं करायचं काय? तर उकळायचं. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करण्याचा उद्योग. डॉट 3 जातीचं नवंकोरं ऑईल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हद्द 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. मे महिन्यात 43 अंशात भरदुपारी नवी पेठेत खरेदीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना 140 फार लांबचा आकडा वाटतो, पण उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं तर डिस्क तीनशेच्याही पुढे तापू शकते. द्रव दाबून दबत नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र मजेत दबते. मग पेडल खाली जातं आणि गाडी पुढे जाते.

यावर आमच्या गल्लीतल्या एका ज्येष्ठांचा आक्षेप असा, की सोलापूर परातीसारखं सपाट गाव, इथं घाट कुठाय ब्रेक तापायला? सोलापूरकर गावात राहतो हे कबूल, पण देवाला तर जातोच ना! तुळजापूर इथून पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि गावाच्या तोंडाशी घाट. चढताना कुणाला काही वाटत नाही. दर्शन झालं, कवड्यांची माळ गळ्यात पडली, की उतरताना माणसातला काटकसरी जागा होतो. "न्यूट्रल मार, पेट्रोल वाचतंय." काही थोर तर चावीच बंद करतात. म्हणजे गिअरमधलं इंजिन वेग आवरायला जी मदत करणार होतं ती गेली, आणि ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमचा बूस्टरही दोन-चार वेळा पाय दाबला की संपला. पेडल दगड होतं. पेट्रोल वाचतं वाटीभर. या बाबतीत खरे निर्धास्त म्हणजे कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे भाविक.

बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात ब्रेक ऑईल बदलायची मुदत दोन-तीन वर्षांची दिलेली असते. ते पुस्तक कंपनीनं ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दिलं त्याच पिशवीत, आरसी आणि इन्शुरन्सच्या खाली, अस्पर्शित असतं. गॅरेजला गाडी टाकली तर बिलात ‘ब्रेक ऑईल चेंज’ अशी ओळ येते. त्या ओळीमागे काय घडलेलं असतं हे मात्र गॅरेजच्या पोऱ्याच्या मूडवर. घाईचा दिवस असेल तर तो डबीतलं जुनं ऑईल सिरिंजनं ओढतो, नवं ओततो, झाकण लावतो. डबी चकाचक. नळ्यांत, कॅलिपरमध्ये, व्हील सिलिंडरमध्ये जुनंच ठाण मांडून. आणि जिथं उकळायचं ते तिथंच तर उकळतं. जाणता वस्ताद असं करत नाही, तो चारी चाकांतून ऑईल काढतो आणि हवाही. पण जाणत्या वस्तादाकडे गाड्यांची रांग असते आणि त्याचा फोन लागत नाही. त्यातून माणसाच्या मनात येतं, की हे घरीच का करू नये?

सामान फार लागत नाही. पारदर्शक नळी मेडिकलमधून आणायची, सलाईनची. तिथंच मोठी सिरिंज मिळते. दुकानदार काळजीनं विचारतो, "पेशंट कोण आहे?" गाडी आहे म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावरची सहानुभूती जाते आणि भाव पूर्ण लावतो. पाना मात्र रिंग पानाच हवा, आठाचा किंवा दहाचा, गाडीप्रमाणे. चाकामागचं, ऑईल बाहेर काढायचं निपल फिक्स पान्यानं सोडवायला जाणारे पराक्रमी लोक त्याचं षटकोनी डोकं गोल करतात, आणि मग निपल, कॅलिपर आणि मालक असे तिघेही वस्तादाच्या दारात जातात. जॅक लागतो, पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, घोडी लावायची. जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून दगड. दगडांची सोलापुरात टंचाई नाही.

खरी परीक्षा ब्रेक ऑईल घेताना. सीलबंद बाटली मागितली की दुकानदार म्हणतो, "एवढं कशाला घेताय मालक? सुटं देतो की." गोडेतेल सुटं मिळतं, शेंगदाण्याची चटणी सुटी मिळते, मग ब्रेक ऑईलनंच काय पाप केलंय? पाप एवढंच, की झाकण उघडलेल्या डब्यातल्या ऑईलनं दुकानातच पाणी प्यायला सुरुवात केलेली असते. सीलबंदच घ्यायचं. छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर पुरतं. दुसरी गंमत आकड्यांची. "डॉट 4 पेक्षा डॉट 5 भारी असणार की!" असं म्हणून मोठा आकडा घरी आणणारे लोक आहेत. डॉट 5 सिलिकॉनचं, ते ग्लायकॉलमध्ये मिसळतच नाही. डॉट 5.1 मात्र पुन्हा ग्लायकॉलचंच. आकडे कुणी दिले देव जाणे, पण डबीच्या झाकणावर जो छापलाय तोच घ्यावा. इथं बढती नको.

आता प्रत्यक्ष काम. रविवारी सकाळी लवकर, कारण नऊनंतर पत्रा चटके देतो. गाडी कडुलिंबाखाली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून सहसा मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. तो त्याच पिशवीतल्या पुस्तकात असतो. निपलवरची रबरी टोपी काढायची, रिंग पाना आधी अडकवायचा, मग नळी चढवायची. नळीचं दुसरं टोक थोडं नवं ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. इथपर्यंत एकटा माणूस पुरतो. यापुढे लागतो दुसरा माणूस, आणि तिथून तंत्रज्ञान संपून संसार सुरू होतो.

पेडलवर बसणाऱ्यानं सावकाश तीन-चार वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि सांगायचं, "धरलंय." खालच्यानं निपल अर्धा फेरा सैल करायचं. पेडल आपोआप खाली जातं, त्याला जाऊ द्यायचं, पण पाय उचलायचा नाही. निपल पुन्हा आवळलं आणि खालून "सोड" आलं, की मगच सोडायचं. बस्स. हे एवढंच. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायचा, म्हणजे मास्टर सिलिंडरचं सील रोजच्या वाटेपलीकडच्या खरबरीत भागात जाऊन फाटत नाही.

पेडलवर आमच्या सौ. बसल्या.

"अगं, दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय. सोडू का?"

"नको!"

"सोडू का?"

"नको म्हणतोय ना!"

"लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारतेय सोडू का, तर नको म्हणताय."

एवढं सोडलं तर काम छान चाललं होतं. नळीतून आधी काळपट तपकिरी ऑईल सरकत आलं, त्यात मोहरीएवढे बुडबुडे. एकेक बुडबुडा नळीच्या वळणावर जरा थबकायचा, मागच्याची वाट बघायचा आणि दोघं मिळून बाटलीत जायचे. चिरंजीव बॉनेटशी उभे राहून डबीवर नजर ठेवून होते, कारण डबीतली पातळी खालच्या रेघेच्या खाली गेली की वरून हवा आत जाते आणि पहिले पाढे पंचावन्न. ती जबाबदारी त्यांनी क्रिकेट कॉमेंटेटरच्या थाटात घेतली होती : "पप्पा, अजून दोन बोटं आहे... पप्पा, दीड..."

अशा वेळी शेजारचे मालक दुधाची पिशवी घेऊन आले. निपल उघडं होतं. त्यांनी गाडीखालून बाहेर आलेले माझे पाय बघितले, हळहळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सोडा ओ, कशाला जीव काढताय! गॅरेजला टाका."

सौ.नी सोडलं.

नळीतलं काळं ऑईल उलटं वर सरकलं, निपलच्या आट्यांतून हवा आत गेली आणि पेडल गेलं स्पंज होऊन. "तुम्हीच म्हणालात सोडा!" "मी नाही, ते म्हणाले." "खालून येणारा आवाज मला एकच वाटतो." यावर शेजारचे मालक म्हणाले, की बाईंचं बरोबर आहे.

मग ठरलं, की हुकूम कानडीत द्यायचे. सौ.चं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं अडचण नव्हती. हिडी म्हणजे धर, बिडू म्हणजे सोड. मी खालून "हिडी!" अशी पहिली आरोळी दिली आणि पलीकडच्या गॅलरीतून उत्तर आलं, "याक री, एन आतु?" गॅलरीतले गृहस्थ चप्पल घालून खाली आले. पूर्व भागातून बहिणीकडे आलेले एक अण्णा तेलुगूत काहीतरी म्हणाले, त्याचा अर्थ सोडून द्या असा होता. कोपऱ्यावरच्या चाचांनी तेच दखनीत सांगितलं. सोलापुरात गुपित सांगायला भाषाच उरत नाही, आणि चारही भाषांतला सल्ला मात्र एकच. शेवटी पान्यानं चाकावर टकटक करायचं ठरलं : एक टकटक दाब, दोन टकटक सोड. हे जमलं. वर्षानुवर्षांच्या बोलण्यातून जे साधलं नव्हतं ते लोखंडानं साधलं.

गर्दी जमली की ज्ञान येतंच. पहिला सल्ला, "इंजिन ऑईल शिल्लक असेल तर तेच ओता की, तेल ते तेल." हा सल्ला देणाऱ्याच्या गाडीत कधी बसू नये. ब्रेकची रबरी सीलं ग्लायकॉलसाठी बनवलेली असतात, खनिज तेलानं ती फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या चाकापर्यंत सगळं रबर बदलत बसावं लागतं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, आमच्या वेळी तारेचे ब्रेक होते, असली भानगडच नव्हती. हे गृहस्थ एकटे नाहीत. अमेरिकेत ड्यूसेनबर्ग गाडीला 1921 साली चारी चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, क्रायसलरनं 1924 मध्ये ते सामान्यांच्या गाडीत आणले, पण हेन्री फोर्डसाहेबांचा विश्वास लोखंडी दांड्यांवर. त्यांच्या फोर्ड गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक मिळायला 1939 साल उजाडलं. तेव्हा गल्लीतल्या ज्येष्ठांना हसू नये, त्यांच्या पाठीशी फोर्ड उभा आहे.

त्या सुरुवातीच्या काळात ब्रेकच्या नळ्यांत भरायचे काय, ठाऊक आहे? एरंडेल आणि अल्कोहोल. हे मिश्रण माणसाच्या पोटात गेलं तर तो थांबत नाही, गाडी मात्र थांबायची.

क्रायसलरचा विषय निघाल्यावर वालचंद हिराचंदांचं नाव निघणार हे उघड होतं. वालचंदशेठ 1882 साली सोलापुरात जन्मले. 1919 मध्ये सिंधिया ही बोटींची कंपनी, 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, आणि 1944 मध्ये मुंबईला प्रीमियर ऑटोमोबाईल्स, तीही क्रायसलरशी करार करून. तिथूनच आधी डॉज-प्लिमथ निघाल्या, पुढे फियाट, आणि ज्या गाडीत निम्म्या महाराष्ट्राची वरात निघाली ती पद्मिनी. पाणी, आकाश आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी हात घातलेला माणूस आपल्या गावचा, या एका पुराव्यावर सोलापुरातला प्रत्येक जण मोटारीबद्दल मत द्यायला जन्मानं मोकळा झालेला आहे. त्या सकाळी आमच्या गाडीभोवती असे वालचंदांचे बरेच वारस उभे होते. बॅटरी धरायला मात्र एकही तयार नव्हता.

हळूहळू नळीतला रंग बदलला. तपकिरी, मग फिकट, मग बाटलीतल्या नव्यासारखा पिवळसर, बुडबुडा एकही नाही. चारही चाकांना असं आलं की काम झालं. पेडल पायाखाली टणक लागलं पाहिजे आणि वरच्या वर थांबलं पाहिजे. ते मऊ लागत असेल तर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, पुन्हा पहिल्या चाकापासून. टणक लागलं तरी आधी इंजिन चालू करून जागेवर बघायचं, मग गल्लीत पहिल्या गिअरमध्ये, तेही शेजारचे मालक दूध ठेवायला आत गेल्यावर.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ब्रेक ऑईल पत्र्यावर सांडलं तर ते गाडीचा रंग खातं. पुसत बसायचं नाही, लगेच भरपूर पाणी ओतायचं. आता ‘भरपूर पाणी’ हे शब्द ज्या गावात दर चौथ्या-पाचव्या दिवशीच वापरता येतात, तिथं हे काम पाण्याचा वार बघूनच काढावं. दुसरी गोष्ट एबीएसची. 2019 नंतरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्यातल्या काही गाड्यांच्या एबीएसच्या डब्यातली हवा काढायला स्कॅनर लागतो. तिथं पान्यानं टकटक करून काही होत नाही, शहाण्यानं गॅरेज गाठावं. आणि ज्यांना घरचा दुसरा माणूस मिळत नाही, किंवा मिळतो पण घर शाबूत ठेवायचंय, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. डबी भरून ठेवायची, निपल सैल करायचं आणि ऑईल आपल्या वजनानं ठिबकू द्यायचं. वेळ फार लागतो. रंग बदलेपर्यंत बसायचं, डबीत भर घालत राहायचं, कुणाशी बोलायचं नाही.

काम उरकलं की गल्लीतलं कोणीतरी हमखास येतं आणि ते बाटलीतलं काळं ऑईल मागतं, "टाकून कशाला द्यायचं, गेटच्या बिजागरीला होईल." देऊ नका. गेटचा रंग जाईल आणि नाव तुमचं होईल. गटारीत, झाडाच्या बुंध्याशीही ओतू नका, गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑईलच्या पिंपापाशी नेऊन द्या. तो नाही म्हणाला तर विचारा, कुठं देतोस ते. आणि तोवर ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका. रंग तसाच दिसतो, चव गोडसर असते, आणि ते विष आहे. बाटलीवर तसं मोठ्या अक्षरात लिहा, आपल्या गावात लिहायचं तर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू चारहीत लिहा, आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.